घरमालक शिकतो तो असा

भाऊबंदकीच्या खालोखाल मुंबईच्या वकिलांचे संसार कुणी चालवले असतील, तर ते घरमालक आणि भाडेकरू या जोडीने. मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम.; तेव्हा या भांडणाच्या जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू पाहायची मला खोड. माझा हिशेब असा सांगतो, की सरकारने कायदे केले भाडेकरूसाठी, पण त्यातून शिकला तो घरमालक!

मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्यांदा आले 1918 साली, महायुद्धाच्या काळात. पण खरी शाळा भरली ती 1947 च्या कायद्याने. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते, तेच 'प्रमाण भाडे' ठरले. कायदा होता ठराविक मुदतीचा. ती मुदत वाढत वाढत पन्नास वर्षे गेली. ओव्हरड्राफ्टलासुद्धा आम्ही इतकी मुदत देत नाही हो.

सहा महिन्यांचे भाडे थकल्याखेरीज थकबाकीपायी बाहेर काढता येत नसे. म्हणून पाच महिने गप्प बसून सहाव्याला सगळी बाकी आणून टाकणारा भाडेकरू जन्माला आला. मालकाच्या लक्षात आले, की भाडे मिळते हीच आपली अडचण. तो भाडे घेईनासा झाला! भाडेकरूने मनीऑर्डर धाडली, मालकाने 'नाकारली' म्हणून परत पाठवली. ती परत आलेली मनीऑर्डर भाडेकरूला पावतीहून मोलाची. बायकोच्या शालूखाली ट्रंकेत जपायची. पैसे नाकारणारा धनको आणि पैसे देण्यासाठी धडपडणारा ऋणको मला अकाउंटन्सीच्या पुस्तकात कुठेच भेटला नव्हता.

भाडे गोठले, पागडी गोठली नाही. ती घेणे गुन्हा होता, म्हणून पावती मिळत नसे, एवढेच.

मग मालकाने 'भाडेकरू' हा शब्दच टाकला. "तुम्ही भाडेकरू नाही, नुसते परवानगीने राहता." याचे नाव लीव्ह अँड लायसन्स. पण सरकारही काही कच्चे नव्हते. 1 फेब्रुवारी 1973 रोजी अशा चालू करारावर जे राहत होते, ते कायद्याने भाडेकरू झाले. पाहुणा म्हणून निजलेला माणूस सकाळी घरजावई होऊन उठला! तेव्हापासून मालकाचा माणुसकीवरचा विश्वास अकरा महिन्यांपुरता उरला. काहींनी तर सरळ कुलूप घातले. माणसे फुटपाथवर, आणि फ्लॅटमध्ये झुरळे.

इथे मात्र हसू थांबते. हा कायदा नसता तर गिरगाव-लालबागच्या खोल्यांतून कितीतरी नोकरदार आणि गिरणी कामगार केव्हाच हुसकले गेले असते, हे खरे. पण वीस रुपये भाड्यात मालक गच्ची कशाला दुरुस्त करतो? 1969 साली मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी दुरुस्तीचा वेगळा कायदा करावा लागला, तरी पावसाळ्यात जुन्या चाळी पडायच्या राहिल्या नाहीत. ढिगाऱ्याखाली मालक सहसा सापडत नाही. तो तिथे राहतच नसतो.

1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठलेली भाडी अवाजवी ठरवली. पुढचा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला: पागडी कायदेशीर, आणि भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ. म्हणजे वीस रुपयांवर ऐंशी पैसे! लायसन्सवाला मात्र मुदत संपल्यावर हलला नाही, तर दुप्पट आकार.

एवढे शिकलेला आजचा मालक जागा दाखवण्याआधी विचारतो, "नोकरी बदलीची ना?" बँकेतला ऑफिसर त्याला फार आवडतो, सचोटीमुळे नव्हे, तीन वर्षांत बदली होते म्हणून. आम्हा कारकुनांची तशी बदली होत नाही हे कळले, की आतून येणारा चहा आतच राहतो.