धाव आणि पकड

बाळकुम नाक्यावर सिग्नलला उभं राहायची वेळ आली की माझा एक छंद आहे : ट्रकचे टायर बघणे. हसू नका. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे-येणारे ट्रक इथून जुन्या आग्रा रोडने कशेळीकडे वळतात, त्यामुळे नमुन्यांची कमतरता नसते. नीट पाहिलंत तर बऱ्याच ट्रकच्या पुढच्या चाकांना गोल फिरणाऱ्या सरळ रेघा दिसतील, आणि मागच्यांना आडवे, जाडजूड ठोकळे. पहिल्याला म्हणतात रिब, दुसऱ्याला लग. पुढचं चाक वळवायचं असतं, ते बाजूला घसरू नये म्हणून उभ्या रेघा. मागचं चाक ढकलायचं काम करतं, त्याने जमीन चावावी म्हणून आडवे ठोकळे. एकाच गाडीवर दोन कामांसाठी दोन टायर.

हे आठवायचं कारण म्हणजे मॉन्ट्रियलला ऑनसाईट गेलेला आमचा एक मित्र. त्याच्याकडे गाडीचे आठ टायर आहेत. चार उन्हाळ्याचे, चार हिवाळ्याचे. क्वेबेक प्रांतात 2008 पासून हिवाळ्यात हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे पावसाळ्याचे टायर का नसतात रे?" प्रश्न साधा, पण मला शनिवार-रविवार पुरला. उत्तर शोधताना मी थेट बैलगाडीपर्यंत मागे गेलो.

तर मंडळी, मराठीत टायरला शब्द नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते, तिला 'धाव' म्हणतात. लोहार ती लालबुंद तापवून चाकावर चढवायचा, वरून पाणी ओतायचा, आणि आकसलेली धाव चाकाचे सगळे तुकडे आवळून धरायची. धावेची कामं दोन : चाक एकत्र ठेवणे आणि लाकडाऐवजी आपण झिजणे. जमिनीवर पकड ठेवणं हे तिचं काम कधीच नव्हतं. ते काम बैलांच्या खुरांचं. चाक नुसतं मागून गडगडत यायचं.

गंमत इथे आहे. गाडीला इंजिन लागलं आणि बैल गेले, तेव्हा खुरांचं काम चाकावर आलं. आता वजनही त्यानेच पेलायचं, ओढायचंही त्यानेच आणि थांबवायचंही त्यानेच. टायरचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे धावेला खूर बनवायची धडपड आहे, असं माझं मत.

सुरुवातीला हे कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. रॉबर्ट थॉमसनने 1845 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते घोडागाडीसाठी. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या गुरांच्या डॉक्टरने 1888 मध्ये पुन्हा तोच शोध लावला तो मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. दोघांनाही हवे होते धक्के कमी. टायर गुळगुळीतच होते. मोटारी आल्या, ओल्या रस्त्यावर घसरू लागल्या, आणि मग टायरवर नक्षी कोरायला सुरुवात झाली. 1908 मध्ये अमेरिकेतल्या फायरस्टोनने तर कमाल केली. टायरवर तिरक्या अक्षरांत 'नॉन स्किड' हे शब्दच कोरले. नक्षी म्हणजेच जाहिरात! (हीच कंपनी पुढे आपल्या शिवडीत टायर बनवू लागली.)

पण खरं खूर बनवलं ते फिनलंडने. तिथल्या एका रबर कंपनीने 1934 मध्ये ट्रकसाठी बर्फात चालणारा टायर काढला. आडव्या खाचांचा, दाबलेला बर्फ चावणारा. 1936 मध्ये मोटारींसाठी आणला. ही कंपनी 1967 मध्ये जिच्यात विलीन झाली तिचं नाव नोकिया. होय, तीच, जिच्या मोबाइलवर आपण साप खेळलो :) टायरचा धंदा 1988 मध्ये वेगळा निघाला, आणि आजही नोकियन या नावाने चालतो.

पुढे काही देशांत टायरमध्ये चक्क खिळे बसवले गेले. अगदी नाल ठोकल्यासारखे. बर्फावर ते उत्तम, पण बर्फ नसलेला रस्ता ते खरवडून काढायचे. जपानच्या सेंदाईसारख्या शहरांत त्या धुळीने लोक इतके त्रासले की 1990 मध्ये खिळ्यांच्या टायरवर कायद्याने बंधनं आली. मग आले बिनखिळ्यांचे टायर : मऊ रबर, आणि ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा. या चिरा बर्फावर हजार छोट्या नखांसारख्या टेकतात.

मग तेच टायर ठाण्यात आणले तर? अजिबात नको. साधारण 7 अंशांखाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, म्हणून हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवतात. आपल्याकडे थंडीची लाट आली तरी पारा इतका उतरत नाही, आणि मे महिन्यात डांबर चटके देतं. तिथे हे मऊ रबर खोडरबरासारखं झिजेल, आणि ब्रेक मारल्यावर गाडी नेहमीपेक्षा लांब जाऊन थांबेल. म्हणजे 'चांगला टायर' असं काही नसतंच. कोणत्या ऋतूत आणि कोणत्या रस्त्यावर, हे आधी विचारावं लागतं.

आपला ऋतू पावसाळा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथे शत्रू बर्फ नाही, पाणी. टायरच्या खाचा म्हणजे नाले समजा. चाकाखालचं पाणी बाजूला काढून रबर डांबराला टेकवणे हे त्यांचं काम. पाणी जास्त, वेग जास्त आणि नाले उथळ, असं झालं की टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेकचा उपयोग होत नाही.

याचा मुळापासून अभ्यास मोटारवाल्यांनी नाही, विमानवाल्यांनी केला. ओल्या धावपट्टीवर विमानं घसरत, म्हणून नासाच्या वॉल्टर होर्न आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले. 1963 च्या त्यांच्या अहवालातलं सूत्र आपल्या इंजिनीअर मंडळींना आवडेल असं सुटसुटीत आहे : टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढा, 9 ने गुणा, तरंगण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. 32 पीएसआय घेतले तर ताशी सुमारे 94 किलोमीटर. 22 घेतले तर 78. हे सूत्र नक्षी गुळगुळीत झालेली असताना किंवा पाणी खाचांपेक्षा खोल असताना लागू पडतं, आणि दुचाकीच्या गोलाकार टायरला ते जसंच्या तसं लावता येत नाही. पण त्यातून एक गोष्ट लख्ख कळते. "पावसात हवा जरा कमी ठेव, ग्रिप वाढते" हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. वेगात असलेल्या मोटारीसाठी तो नेमका उलटा आहे. हवा कमी म्हणजे गाडी लवकर तरंगणार.

आता आपल्याकडचा इतिहास. डनलॉपने 1936 मध्ये बंगालमधल्या सहागंजला कारखाना काढला. 1958 मध्ये ट्यूरिनच्या सिएट कंपनीचं भारतीय रोप मुंबईत लावलं गेलं, कारखाना भांडुपला. म्हणजे आपल्याच आग्रा रोडच्या अंगाला. त्याच रस्त्याने बाळकुम, भिवंडी आणि कसारा घाट ओलांडून गेलात की नाशिकला सिएटचा दुसरा कारखाना लागतो. पण या उद्योगाने आपल्याला काय विकलं? एमआरएफचा मसलमॅन आला 1964 मध्ये, हाताने टायर उचलून धरणारा. सिएटचा आला गेंडा. दोघंही ताकदीची चिन्हं. त्यात कंपन्यांचा दोष नाही. रस्ते खड्ड्यांचे, ट्रक क्षमतेपेक्षा जास्त भरलेले, आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच : किती किलोमीटर चालेल? झिजला की रिमोल्ड करून पुन्हा चालवायचा. थोडक्यात, आपण टायर घेतला, पण डोक्यात होती धाव. न तुटणारी, न झिजणारी.

कायद्याचंही तेच. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खाचांची खोली मोटारींना किमान 1.6 मि.मी. आणि दुचाकी-तीनचाकींना 0.8 मि.मी. हवी. बाराही महिने तेवढीच. तुलनेसाठी ऑस्ट्रिया बघा. तिथे 4 मि.मी.च्या खाली झिजलेला रेडियल हिवाळी टायर कायद्याने हिवाळी टायर धरतच नाहीत. त्यांच्या नियमाला ऋतू कळतो, आपल्या नियमाला कळत नाही. ओल्या रस्त्यावरची पकड मोजणारी मानकं आपल्याकडे अधिसूचित झाली 2022 मध्ये, आणि तीही नवीन टायरसाठी.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? कारण जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत, म्हणजे भिवंडीच्या दारात येऊन ठेपला. मोटारींना वेगमर्यादा ताशी 120. वरचा 94 चा आकडा आठवतोय ना? 2023 मध्ये समृद्धीच्या प्रवेशापाशी परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवलं, हे चांगलंच झालं. पण तेव्हा चर्चा झाली ती टायर उन्हात तापून फुटण्याची. परत धावच! जुलैत पाण्यावरून घसरणाऱ्या गाडीचा टायर शाबूत असतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं बोट जात नाही.

मित्राला मी उत्तर असं लिहिलं : आपल्याला आठ टायर नकोत. चांगली खोल नक्षी असलेला साधा टायर हाच आपला पावसाळी टायर. फक्त त्याचं वर्ष जानेवारीत नाही, जूनमध्ये सुरू होतं. महापालिका मे महिन्यात नालेसफाई काढते, तेव्हाच तुम्ही टायरच्या नाल्यांकडे बघा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे मोटारीच्या टायरला 1.6 मि.मी. उरले. तिथवर वाट पाहू नका. 3 मि.मी.च्या आसपास आला असेल तर दिवाळीत बदलायचा टायर पावसाआधीच बदला. खर्च तोच आहे, फक्त पाच महिने आधी. आणि हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा.

दुकानदार विचारेलच, "साहेब, किती किलोमीटर चालवायचाय?" त्याला आधी विचारा, ओल्या रस्त्यावर कसा थांबतो ते.