लोहस्तूपाची वाट : भदन्त सुरेई ससाई

जपानातील कोया पर्वत कूकाई नामक भिक्षूने इ. स. ८१६ मध्ये सम्राटाकडून मिळविला आणि तेथे शिंगोन पंथाचे पीठ स्थापिले. शिंगोन म्हणजे सत्यवचन, अर्थात मंत्र. कूकाई ८०४ साली चीनला गेला होता. दोन वर्षांनी परतताना त्याने मंत्रयानाची दीक्षा, मंडलचित्रे आणि सिद्धम् लिपीचे ज्ञान बरोबर आणले. ही लिपी आपल्या देवनागरीची आप्तच. भारतात ती लोपली. जपानी मंदिरांतून तिची बीजाक्षरे अद्याप लिहिली जातात.

या पंथाच्या गुरुमालिकेत नागार्जुनाचे स्थान फार वरचे. दक्षिण भारतातील एका लोखंडी स्तूपाचे द्वार त्याने उघडले व आत वज्रसत्त्वापासून त्याला मंत्रविद्या लाभली, अशी कथा आहे. इतिहासाच्या कसोटीस ती उतरावयाची नाही. परंतु एका जपानी भिक्षूचे आयुष्य तिच्याच वळणाने गेले.

सुरेई ससाई यांचा जन्म १९३५ साली ओकायामा प्रांतात झाला. टोकियोनजीकच्या ताकाओ पर्वतावरील शिंगोन मंदिरात ते भिक्षू झाले. पुढे थायलंडमार्गे ते भारतात आले व राजगृही राहिले. तेथे एका रात्री नागार्जुनाने दर्शन देऊन नागपुरास जाण्याची आज्ञा केली, असे ते सांगतात. दृष्टान्ताचा निवाडा कोणी करावा? ते नागपुरास आले, एवढे खरे.

नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि दोन महिन्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. समाज बौद्ध झाला, पण त्याला शिकविणारे भिक्षू मूठभर. होमहवन व मंडलपूजा यांत वाढलेला हा परदेशी संन्यासी अशा लोकांत आला, की ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेऊन जुन्या कर्मकांडाला नुकतीच रजा दिली होती! त्यांच्यावर त्याने शिंगोनचा विधी लादला नाही. इंदोरा वस्तीत राहून बाबासाहेबांचाच मार्ग त्याने आपला मानला, ही त्याच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट होय. पुढे त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले आणि आर्य नागार्जुन हे नाव त्यांनी धारण केले.

१९९२ पासून त्यांनी बुद्धगयेच्या महाबोधी विहारासाठी चळवळ चालविली. १९४९ च्या कायद्याने तेथील समितीत चार बौद्ध व चार हिंदू सदस्य आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी, अशी रचना केली होती. विहार पूर्णतः बौद्धांच्या हाती असावा, ही त्यांची मागणी.

परंतु नागार्जुनाचा शोध सुटला नव्हता. रामटेकजवळच्या मनसरच्या टेकड्यांत त्याचा विहार होता, अशी त्यांची श्रद्धा. सातव्या शतकात ह्युएन त्संगाने कोसल देशातील नागार्जुनाच्या एका पर्वतविहाराचे वर्णन केले आहेच. ससाईंच्या पुढाकाराने, जगत्पती जोशी व अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली, १९९० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन सुरू झाले. मातीखालून विटांचे प्रचंड बांधकाम निघाले. आणि त्याबरोबरच प्रवरेश्वराचे नाव असलेली मुद्राही! वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात बांधविलेले हे शिवालय, असा हान्स बक्करप्रभृती संशोधकांचा निष्कर्ष आहे. पुराव्याचे पारडे त्याच बाजूस झुकते, हे मान्य करावे लागेल. ज्याने नागार्जुनासाठी टेकडी खणविली, त्याच्यामुळे विदर्भाला आपला वाकाटक राजा अधिक स्पष्ट दिसू लागला.