वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय

वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय हे मुंबईतील भायखळा भागातील सार्वजनिक उद्यान आहे. ‘राणीची बाग’ किंवा ‘राणीबाग’ या नावाने ते सर्वपरिचित आहे. १८६२ मध्ये ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने ते खुले झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० एकर असून व्यवस्थापन बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे. प्राणिसंग्रहालय म्हणून त्याची ख्याती अधिक असली, तरी मूळ स्थापना वनस्पती उद्यान म्हणून झाली होती. दाट वस्तीच्या दक्षिण-मध्य मुंबईत इतके जुने आणि विविध वृक्ष एकत्र असलेल्या मोजक्या जागांत त्याची गणना होते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची शिवडी येथे बाग होती. ती जागा युरोपीय दफनभूमीसाठी घेण्यात आल्यानंतर संस्थेला माझगाव-भायखळा परिसरात नवी जमीन मिळाली. तेथे उभारलेल्या उद्यानाचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते झाले. राणी व्हिक्टोरियाच्या नावामुळे लोकांनी त्यास ‘राणीची बाग’ म्हणण्यास सुरुवात केली.

१८७३ मध्ये उद्यान नगरपालिकेकडे आले. १८९० च्या सुमारास लगतच्या जमिनीची भर पडून प्राणिसंग्रहालयाचा विस्तार झाला. स्वातंत्र्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचे नाव उद्यानाला देण्यात आले. मात्र बोलीभाषेत जुने नाव टिकून राहिले.

वनस्पतिसंपदा

उद्यानात तीन हजारांहून अधिक वृक्ष असून त्यांच्या प्रजाती २८० पेक्षा जास्त असल्याचे वृक्षगणनेत नोंदवले गेले आहे. स्थापनेच्या काळी जगाच्या निरनिराळ्या भागांतील उपयुक्त व शोभिवंत झाडे आणून ती मुंबईच्या हवेत रुजतात का, हे पाहणे अशा उद्यानांचे एक कार्य होते. त्यामुळे येथे देशी वृक्षांच्या बरोबरीने आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आग्नेय आशियातील वृक्षही आढळतात. त्यांपैकी काही उल्लेखनीय वृक्ष पुढीलप्रमाणे आहेत :

• गोरखचिंच (अ‍ॅडॅन्सोनिया डिजिटाटा) : मूळ आफ्रिकेतील वृक्ष. याचे प्रचंड घेराचे खोड पाणी साठवून ठेवते. फुले पांढरी असून रात्री उमलतात. त्यांचे परागण मुख्यतः वटवाघळे करतात.

• उर्वशी (अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस) : मूळ म्यानमारमधील वृक्ष. लांब, लोंबत्या मंजिऱ्यांवर लाल-पिवळी फुले येतात. लागवडीस अवघड असल्याने तो क्वचितच पाहावयास मिळतो.

• कैलासपती (कुरूपिटा गियानेन्सिस) : मूळ दक्षिण अमेरिकेतील वृक्ष. फुले व तोफगोळ्यासारखी फळे थेट खोडावर येतात. फुलातील रचना नागफणीखालील शिवलिंगासारखी भासते, म्हणून हे नाव पडले. परदेशी असूनही तो अनेक शिवमंदिरांच्या आवारात लावलेला दिसतो.

• सीताअशोक (सराका अशोका) : खरा अशोक. रस्त्याकडेला लावला जाणारा उंच, सरळसोट ‘अशोक’ म्हणजे आसुपालव असून तो वेगळ्या कुळातील वृक्ष आहे. सीताअशोकास केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. आसुपालवाची फुले फिकट हिरवी व सहज लक्षात न येणारी असतात.

• कृष्णवड : वडाचाच एक प्रकार. पानाचा तळ दुमडून त्याचा द्रोण झालेला असतो.

• ताम्हण (लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा) : महाराष्ट्राचे राज्यपुष्प. उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी झाड भरून जाते.

वास्तू व शिल्पे

उद्यानालगत डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून खुल्या झालेल्या या संस्थेच्या उभारणीत डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांचा वाटा होता. १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. इमारतीच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला.

जवळच डेव्हिड ससून घड्याळ मनोरा असून, संग्रहालयाच्या आवारात घारापुरी बेटावरील दगडी हत्ती आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात भंगला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले.

प्राणिसंग्रहालय आणि वृक्षसंवर्धन

एकाच आवारात वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय असल्याने जागेच्या वापराबाबत वेळोवेळी वाद झाले आहेत. २००७ च्या सुमारास महानगरपालिकेने आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय उभारण्याचा आराखडा पुढे आणला. नव्या पिंजऱ्यांसाठी व बांधकामासाठी जुने वृक्ष बाधित होतील, या कारणावरून काही नागरिकांनी राणीबाग बचाव मोहीम सुरू केली. त्यांनी वृक्षांच्या नोंदी केल्या, जाणकारांसह वृक्षदर्शनाच्या फेऱ्या काढल्या आणि उद्यानाच्या वारसा दर्जाकडे लक्ष वेधले. वारसा समितीच्या आक्षेपांनंतर मूळ आराखडा मागे पडला व आटोपशीर आराखड्यानुसार काम झाले.

नव्या टप्प्यात २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले व मार्च २०१७ मध्ये त्यांचा कक्ष खुला झाला. त्यानंतर गर्दी वाढली व प्रवेशशुल्कातही वाढ झाली. वृक्षप्रेमींचा आक्षेप केवळ तोडीपुरता मर्यादित नाही. खोडाभोवती काँक्रीट घातल्यास पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही, आणि खोदकामात मुळे तुटल्यास उभे दिसणारे झाडही काही वर्षांनी कोसळू शकते. शंभर वर्षांहून जुन्या वृक्षाची उणीव नव्या रोपांनी लवकर भरून निघत नाही.

भेट

उद्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर, भायखळा रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना, उदाहरणार्थ विरारमधील फुलपाडा परिसरातून निघणाऱ्यांना, दादर येथे उतरून मध्य रेल्वेची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी लोकल घ्यावी लागते. उद्यान बुधवारी बंद असते.

वृक्ष पाहण्यासाठी सकाळची वेळ व सुट्टीखेरीजचा दिवस सोयीचा ठरतो. सीताअशोक हिवाळ्याच्या अखेरीपासून, तर ताम्हण एप्रिल-मेमध्ये फुलतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खोडावर येणारी फुले, पारंब्या, आधारमुळे आणि बदललेल्या आकाराची पाने यांची उदाहरणे येथे जिवंत झाडांवर पाहता येतात. झाडाची फुले वा पाने तोडू नयेत. निरीक्षणासाठी खाली गळालेली फुले, पाने व शेंगा पुरेशा असतात.