नासिकच्या दगडांवरील नांवें

महोत्सवी अंकांत देणगीदारांचीं नांवें छापण्याची चाल आपल्या धर्मग्रामांत रूढ आहे. वाचकांस कदाचित् नवल वाटेल, परंतु नासिकास ही चाल सुमारें दोन हजार वर्षांची आहे. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मि डोंगरांत जीं २४ लेणीं आहेत, त्यांस लोक पांडवलेणीं म्हणत असले, तरी पांडवांचा त्यांशीं कांहीं संबंध नाहीं. पावसाळ्यांत बौद्ध भिक्षूंनीं राहावें म्हणून तीं खोदलीं. भिंतींवरील ब्राह्मी लेख म्हणजे देणगीदारांची यादीच होय. दहाव्या लेण्यांतील लेखावरून असें कळतें कीं, नहपान राजाचा जांवई उषवदात ह्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेविले. २००० शेंकडा एक दरानें व १००० शेंकडा पाऊण दरानें. मुद्दल कधीं परत घ्यावयाचें नाहीं. व्याजांतून २० भिक्षूंस वस्त्रांचा व इतर खर्च द्यावयाचा. धर्मग्रामाचे हिशेब ठेवणाऱ्या आमच्या मंडळींनीं हा ताळेबंद एकदां अवश्य पाहावा. सतराव्या लेण्यांत तर उत्तरेकडील दत्तामित्रीच्या इंद्राग्निदत्त नामक यवनानें आईबापांप्रीत्यर्थ तें लेणें करविल्याचें लिहिलें आहे. मनुष्य परका; पण त्याचें नांव कोणी खोडलें नाहीं.

देणें घेणारें हेंच शहर प्रवेश नाकारणारेंही झालें. पंचवटींतील काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनीं काळ्या पाषाणांत बांधविलें. काम देखणें आहे, ह्यांत शंका नाहीं. त्याच दारापुढें २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकर व भाऊराव गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्य बांधवांनीं सत्याग्रह आरंभिला. तो कित्येक वर्षें चालला, पण दार उघडलें नाहीं. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं ह्याच जिल्ह्यांतील येवलें येथें डॉक्टरांनीं, आपण हिंदू म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. आम्हां ख्रिस्ती लोकांनीं ही कथा दुसऱ्याच्या घरची म्हणून ऐकूं नये. जातीच्या भिंती देवळाच्या आवारांतच होत्या, असें म्हणावयास आम्हांस धीर होत नाहीं.

आपला नासिक धर्मप्रांत पुण्याहून १९८७ सालीं वेगळा झाला, म्हणजे वयानें लहानच. नासिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस मात्र फेब्रुवारींत सर्व धर्मांचे लोक लोटतात.

शरणपूर हें आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंचें कार्य. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस चर्च मिशनरी सोसायटीनें तेथें आसरा देऊन अक्षरें व हातकाम शिकविलें. त्यांतलाच जेकब वेनराइट. डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ सालीं आफ्रिकेंत वारले, तेव्हां त्यांचें शव समुद्रकांठीं आणणाऱ्यांत तो होता. आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटी वाहणाऱ्यांतही तो होता. त्याच्या सोबत्यांपैकीं बरेचजण पुढें मोंबासानजीक फ्रियरटाउन येथें वसावयास गेले. शरणपूर हें नांव येथें राहिलें. तें आज एका वर्दळीच्या रस्त्यास आहे.