जांभोरीचा होनाजी आणि डिंभ्याचे पाणी

जुन्नरच्या डोंगरात जी लेणी आहेत ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तिथल्या जुन्या शिलालेखांपैकी एकात मोठी गमतीची नोंद आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी दिलेली रक्कम बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवली, तिच्या व्याजातून धर्मकार्य चालावे, असे त्यात म्हटले आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. म्हणजे पहा, नाणेघाटाने व्यापार चालत होता त्या काळी बुरुडाकाम करणारा माणूस कर्जदार नव्हता, लोक त्याच्याकडे विश्वासाने पैसे ठेवीत होते! आता तिथून एकदम १८७३ सालात येऊ. त्याच डोंगरांत कष्ट करणाऱ्या माणसाचे नाव फक्त एकाच वहीत सापडते, ती म्हणजे सावकाराची.

जांभोरी हे गाव आज आंबेगाव तालुक्यात आहे. तिथला होनाजी भागोजी केंगले, सरकारी कागदांत होन्या, हा महादेव कोळी समाजातला वजनदार माणूस. १८७३ च्या सुमारास त्याने टोळी जमवली आणि सावकारांच्या घरांवर छापे घालायला सुरुवात केली. काही सावकारांची नाकेही कापली गेली. आपण आज या प्रकाराचे कौतुक करू नये, पण तो समजून मात्र घ्यायला हवा. इंग्रज सरकारच्याच पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, जे १८८५ साली छापले गेले, कबुली आहे की सावकारांच्या लबाडीने आणि क्रूरपणाने डोंगरातले लोक हताश झाले होते. सरकारने होनाजीच्या शिरावर एक हजार रुपयांचे बक्षीस लावले. १८७६ साली मेजर डॅनियल याने त्याला पकडले. त्याच्या आधी, १८४० च्या दशकात, अकोल्याच्या बाजूला राघोजी भांगरे यांनी हेच केले होते आणि १८४८ साली त्यांना ठाण्याला फाशी झाली होती. तीस वर्षांत दोनदा त्याच डोंगरात, त्याच कारणाने आग लागते, तेव्हा ती काही एखाद्या माणसाच्या डोक्यातली आग नव्हे.

मग कारण काय? माझ्या वर्गात मुले पटकन उत्तर देतात, 'सावकार दुष्ट होते, सर.' अहो, दुष्ट माणसे कुठल्या काळात नव्हती? सावकार पेशवाईतही होता. पण तेव्हा कर्जवसुलीचे भांडण गावाच्या, पंचांच्या डोळ्यांसमोर चाले. इंग्रजांच्या राज्यात दिवाणी कोर्ट आले आणि कोर्टासमोर शब्दाला किंमत उरली नाही, खताला उरली. वाचता न येणारा कुणबी किंवा कोळी खतावर निशाणी करी, नांगराची नाही तर अंगठ्याची. पुढे १८५९ चा मुदतीचा कायदा आला. जुने कर्ज तीन वर्षांत कोर्टात नेले नाही तर बुडावे, असा त्याचा हेतू. हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता बरे का! पण झाले उलटे. मुदत संपत आली की सावकार नवे खत करून घेई. मागचे व्याज मुद्दलात मिळे आणि व्याजावर व्याज चढे. शंभराचे दोनशे कधी झाले हे घेणाऱ्याला कळतही नसे. कोर्टाचे समन्स आले तरी डोंगरातून तालुक्याला जायचे कसे आणि तिथे बोलायचे काय? एकतर्फी हुकूमनामा होई, जप्ती येई, प्रसंगी माणूस तुरुंगातही जाई.

त्यातच अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि कापसाचा चढा भाव कोसळला. पुणे जिल्ह्यात त्याच सुमारास जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली होती. सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, खते-रोखे जाळले. याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो. बहुतेक ठिकाणी लोकांनी माणसाच्या जिवावर हात टाकला नाही, त्यांना हवे होते ते कागद. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी सगळे प्रकरण उलगडते.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. न्यायाधीशाने नुसत्या खतावर न जाता मूळ व्यवहार काय होता हे तपासावे, शेतकऱ्याला कर्जापायी कैदेत टाकू नये, गहाण न दिलेली जमीन साध्या कर्जासाठी विकू नये, अशी चांगली कलमे त्यात होती. वाचायला फार सुंदर कायदा! पण पेरणीच्या आधी बी आणि घरात पोटाला धान्य कुठून यायचे, हे कोणत्याच कलमात नव्हते. कर्जाची गरज राहिलीच. तेव्हा सावकाराने गहाणखत सोडले आणि खरेदीखत धरले. 'कागदावर विक्री, तोंडी बोली परत देण्याची.' बोली विरली की जमीन गेली. मला विचाराल तर त्या कायद्याने वाईट कर्ज अवघड केले, पण चांगले कर्ज कुठेच उभे केले नाही. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला तो ही उणीव भरण्यासाठी. तो सपाटीच्या गावांत रुजला, पश्चिमेच्या डोंगरात फार उशिरा पोचला. ज्याच्याकडे तारण नाही त्याला पतपेढीही दाराबाहेरच उभी करते.

ही अडचण काही आपलीच नव्हे. १९७६ साली बांगलादेशात चितगावजवळच्या जोबरा गावी मुहम्मद युनूस नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक गेले. तिथल्या बायका बांबूची बसायची आसने विणत. बांबूसाठी लागणारे पैसे व्यापाऱ्याचे, म्हणून मालही त्याच्याच भावाने त्यालाच द्यायचा. बेचाळीस माणसांचे मिळून सारे कर्ज किती, तर सत्तावीस डॉलर. त्यातून पुढे ग्रामीण बँक उभी राहिली. आमच्या डोंगरात बांबूच्या जागी हिरडा होता, एवढाच फरक. पावसाळ्याआधी कोवळा हिरडा झोडून, वाळवून विकायचा आणि त्या पैशावर पावसाळा काढायचा. पण माल झाडावर असतानाच व्यापाऱ्याने उचल दिलेली असली तर भाव कोण ठरवणार? म्हणून १९७० नंतर राज्य सरकारने आदिवासी विकास महामंडळ काढले आणि आदिवासींचा माल एकाधिकाराने खरेदी करण्याचा कायदा केला. १९७४-७५ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचे कायदेही झाले. होनाजीला पकडले त्यानंतर हे होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

स्वराज्यात दुसरा मोठा उपाय आला तो पाण्याचा. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे झाली. जुन्नर, आंबेगाव, शिरूरपासून पार कर्जत-करमाळ्यापर्यंत पाणी गेले. पूर्वेकडे ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, नारायणगावचा टोमॅटो लांबच्या बाजारात जाऊ लागला. हा विकास खरा आहे, तो नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा होईल. पण घोड नदीवरच्या डिंभे धरणात पश्चिमेची भातखाचरे बुडाली. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगावही बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावला असल्यामुळे कागदोपत्री काही बिघडले नाही, एवढेच. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पोटासाठी मुंबईला गिरणीत गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले. पोटासाठी गाव सोडणाऱ्याचे नाव, ज्या पाण्याने पुन्हा लोकांना गाव सोडायला लावले त्याला!

तरी काही कुटुंबे हटली नाहीत, वर डोंगरावर सरकली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेने त्यांच्याबरोबर बरेच काम केले. उतारावर दगडी बांध घालून भातखाचर तयार करायची इथली जुनी रीत आहे, तिला पडकई म्हणतात. चारपाच घरांनी एकत्र यायचे, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. हाती पैसा नसतानाही जमीन वाढवायची ही युक्ती. पण जो माणूस दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेला नाही तर चूल पेटत नाही, त्याने आपल्या खाचराचा दगड उचलायचा कधी? इथे मजुरी मिळाली की पडकई चालते. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यात आदिवासींच्या स्वतःच्या जमिनीवरची कामेही बसली. जलाशयात आदिवासींची मासेमारी सहकारी संस्थाही झाली. २०१२ साली शाश्वतला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

येथे एक सांगितले पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. पाऊस भयंकर होता हे खरे. पण उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही त्या वेळी बोट दाखवले गेले. हाताने दगड रचताना माणूस डोंगराची नस ओळखतो, यंत्राला घाई असते. तीच पडकई, तेच नाव, पण कामाची रीत बदलली की काम बदलते, हे योजना लिहिणाऱ्यांनी विसरू नये असे मला वाटते.

उन्हाळ्यात डिंभ्याचे पाणी खाली उतरते. ज्यांची शेते गेली त्यांतले काहीजण तेव्हा त्या ओल्या गाळात पेरा करतात. त्याला गाळपेर म्हणतात. ती जमीन आता त्यांची नाही, पाटबंधारे खात्याची आहे. पाऊस येऊन पाणी चढायच्या आत पीक हाती लागले पाहिजे, म्हणून सगळे घर तिथे राबते, आणि ज्या बांधावर आजोबा बसत तो बांध नेमका कुठे होता हे म्हातारी माणसे मुलांना बोटाने दाखवतात.