स्वतःची दाढी स्वतः करण्याची विद्या

सतराव्या शतकातील युरोपच्या शहरांत दाढी करणे हे मुख्यतः न्हाव्याचे काम होते, आणि उघडा वस्तरा स्वतःच्या गळ्यावर फिरवणारा माणूस विरळाच आढळे. लंडनच्या आरमार खात्यातील अधिकारी सॅम्युएल पेपिस याने जानेवारी १६६४ मध्ये, आपण वस्तऱ्याने स्वतः दाढी करू लागलो असून त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात, अशी नोंद समाधानाने आपल्या रोजनिशीत केली. एवढी साधी गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली, यावरूनच ती त्या काळी किती नवी होती हे ध्यानात येते.

या विद्येला ग्रंथरूप देण्याचे श्रेय पॅरिसमधील झाँ-झाक पेरे याच्याकडे जाते. स्वतःची दाढी स्वतः करण्यास कसे शिकावे, हे सांगणारे त्याचे ‘पोगोनोटोमी’ हे पुस्तक १७६९ चे. पेरे हा न्हावी नव्हता, तर चाकू, वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणारा कारागीर होता, ही बाब फार महत्त्वाची आहे. नवशिक्याला भीती वाटते ती कापण्याची. मात्र बोथट पाते केस कापण्याऐवजी ओढते, मग हात नकळत जोर लावतो आणि जखम होते ती त्या जोरामुळे, हे हत्यार घडवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. नवशिक्यांसाठी पेरेने सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन, पात्याची जेमतेम कड बाहेर राहील असे संरक्षक आवरण असलेला वस्तराही सुचवला होता.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात सांगता येते: कोमट पाण्याने आणि साबणाच्या फेसाने केस मऊ करावेत, मोकळ्या हाताने कातडी ताणून धरावी, पाते त्वचेशी साधारण तीस अंशांत तिरके ठेवावे आणि आरंभ गालाच्या सपाट भागापासून करून हनुवटी व ओठांची वळणे शेवटी घ्यावीत. खरा अभ्यास लागतो तो धार राखण्यासाठी. निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या गुळगुळीत दगडावर, वस्तरा धार पुढे ठेवून सरकवला जातो, तर चामड्याच्या पट्ट्यावर परजताना पाठ पुढे आणि धार मागे असते. प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला पाते पाठीवरच उलटावे लागते. ते चुकून धारेवर उलटले तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. चेहरा शिकण्याआधी पट्टा शिकावा, हाच या विद्येचा योग्य क्रम होय.

अर्थात धार टिकायची तर पोलादही तसेच हवे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने शेफील्ड परिसरात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत सिद्ध केली, आणि त्यामुळे आतून एकसारखे असलेले पाते घडवणे शक्य झाले. मुशीतील पोलादाची विद्या दक्षिण भारतात मात्र कितीतरी जुनी होती. मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले, १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला, आणि जेम्स स्टोडार्ट या हत्यार घडवणाऱ्याने ते वापरून पाहिले. पुढे स्टोडार्ट व मायकेल फॅरडे यांनी मिळून पोलादाच्या मिश्रधातूंवर जे प्रयोग केले, त्यांमागेही वूट्झविषयीचे हेच कुतूहल होते.

बेंजामिन फ्रँकलिन याने आत्मचरित्रात, गरीब तरुणाला हजार गिनी देण्यापेक्षा स्वतःची दाढी करण्यास आणि वस्तरा नीट राखण्यास शिकवणे अधिक सुखाचे ठरेल, असे मत मांडले आहे. त्याने या दोन्ही गोष्टी जोडीने सांगाव्यात हे सर्वथा योग्यच होते. महाराष्ट्रात हेच ज्ञान बलुतेदारीत न्हाव्याच्या घरी, धोकटीतील हत्यारांसोबत, एका पिढीकडून दुसरीकडे जात असे आणि त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे.

किंग कॅम्प जिलेट याला १९०४ मध्ये वापरून टाकून द्यायच्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले, आणि धार राखण्याची गरजच उरली नाही. आज महाराष्ट्रातील सलूनमध्ये दिसणारा वस्तरा घडणीने जुन्यासारखा असला, तरी त्यात बहुधा अर्धे ब्लेड बसवलेले असते आणि ते दर गिऱ्हाइकाला बदलले जाते.