शिकागो : चिखल, पट्टी आणि परवाने

मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर, सरोवराच्या पातळीहून जेमतेम काही फूट उंच असलेल्या दलदलीत, १८३३ साली जी सुमारे साडेतीनशे माणसांची वसाहत होती, तिला १८३७ साली शहराची सनद मिळाली आणि १८९० च्या खानेसुमारीत तिची वस्ती अकरा लाखांच्या घरात गेली. एका माणसाच्या हयातीत घडलेल्या या वाढीचे श्रेय बहुधा भूगोलाला दिले जाते, आणि ते निराधार नाही. कारण महासरोवरे आणि मिसिसिपी यांच्या खोऱ्यांमधला उंचवटा येथे इतका सखल आहे की ९६ मैलांचा कालवा खोदून १८४८ साली दोन्हींची जलवाहतूक जोडता आली, आणि त्याच वर्षी आगगाडी, तारयंत्र व धान्याचा संघटित बाजार ही तिन्ही शिकागोत अवतरली. ज्या भूमीवर हे वैभव उभे राहिले ती पोटावाटोमी आणि त्यांच्या सहवासी जमातींकडून १८३३ च्या तहनाम्याने सोडवून घेण्यात आली होती, ही गोष्ट मात्र वाढीचे आकडे सांगताना विसरू नये.

व्यापारास सोयीची जागा निसर्गाने दिली. पण शहराचे शहरपण ठरते ते कोणते काम सर्वांच्या खजिन्यातून करायचे आणि कोणते ज्याचे त्याने, या प्रश्नाच्या उत्तरावर, आणि शिकागोचे एकोणिसावे शतक म्हणजे याच प्रश्नावरचा एक दीर्घ वाद होय. आरंभीची रीत अशी की रस्त्याची फरसबंदी हवी असेल तर त्या रस्त्यालगतच्या मिळकतदारांनी अर्ज करावा आणि खर्चाची विशेष पट्टीही त्यांच्याच मिळकतींवर बसवावी. एकाच्या पैशावर दुसऱ्याने चैन करू नये, हा या पद्धतीतील न्याय वरकरणी निर्दोष होता. परंतु ज्या गल्लीत भाडेकरू राहत आणि मालक दूर कोठे तरी, तेथे अर्ज करणार कोण, आणि अर्जच नाही तर रस्ता व्हावा कसा?

या हिशेबाला पहिला धक्का दिला तो पटकीने. १८४९ साली आणि पुन्हा १८५४ साली तिने शहरात कहर केला, दुसऱ्या खेपेस हजाराहून अधिक माणसे दगावली, आणि रोग घरात शिरताना मिळकतीचे दस्तऐवज पाहत नाही हे धनिकांनाही उमगले. १८५५ साली राज्याच्या कायदेमंडळाने सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले, साऱ्या शहराच्या पतीवर कर्ज उभारण्याचा अधिकार त्याला दिला, आणि मंडळाने बॉस्टनहून एलिस चेस्ब्रो नावाचा अभियंता आणवला. जमीन इतकी सपाट की खोदलेल्या गटारांना उतार मिळेना. म्हणून चेस्ब्रोने गटारे जमिनीत पुरण्याऐवजी रस्त्यांवर बांधविली, त्यांवर भराव घातला आणि रस्त्यांचीच पातळी कित्येक फूट वर नेली.

रस्ते उंचावले ते सार्वजनिक खर्चाने. घरे मात्र ज्याची त्याने उचलावयाची होती. १८६० साली लेक स्ट्रीटवरील ३२० फूट लांबीची चार-पाच मजली विटा-दगडांची अख्खी रांग अशीच उचलण्यात आली. पायाखाली सहा हजार मळसूत्री जॅक बसविलेले, त्यांवर सहाशे माणसे तैनात, म्हणजे एकेकाच्या हवाली दहा जॅक; इशारा होताच साऱ्यांनी एकाच वेळी आपापले जॅक थोडथोडे फिरवावयाचे. कोणा एकाचा हात मागे राहिला असता तर भिंत तडकली असती. या बेताने सुमारे पाच दिवसांत ती रांग साडेचार फुटांहून अधिक वर आली आणि वरच्या दुकानांतील खरेदी-विक्री एक दिवसही थांबली नाही. शिकागोच्या कर्तृत्वाचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

पण गटारे शिकागो नदीत, नदी सरोवरात, आणि पिण्याचे पाणीही सरोवरातूनच! म्हणून सरोवराच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा खोदून १८६७ पासून दूरचे पाणी आणण्यात आले. चारच वर्षांनी, ऑक्टोबर १८७१ मध्ये, महाआगीने पंपघराचे छत पेटले, पंप थांबले आणि आग विझवणारांच्या हाती कोरडे नळ राहिले. सुमारे तीनशे माणसे मेली आणि एक लाख बेघर झाली. नवे महापौर जोसेफ मेडिल यांनी शहराच्या हद्दीत लाकडी घरे बांधण्यास सरसकट मनाई करण्याचे ठरविले, तेव्हा जानेवारी १८७२ मध्ये उत्तरेकडील जर्मन व आयरिश कामकऱ्यांनी नगरभवनावर मोर्चा नेला, कारण विटांचे घर त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते आणि मनाई म्हणजे स्वतःच्या जमिनीवरून उठणे होते. बाहेरच्या वस्त्या अखेर त्या नियमातून वगळण्यात आल्या. सर्वांच्या सुरक्षिततेची किंमत गरिबांकडूनच वसूल करू पाहणारा कायदा कितीही शहाणा असला तरी टिकत नाही, हा त्या मोर्चाचा अर्थ होय.

जेथे सार्वजनिक खजिना पोहोचत नव्हता, तेथे वॉर्डाचा पुढारी पोहोचत होता. रेल्वेने आणि बोटीने येणाऱ्या परदेशी कामकऱ्यांना तो नोकरी मिळवून देई, तुरुंगातून सोडवी, मयताचा खर्च उचली, नाताळात घरोघर टर्की पाठवी. आणि याचा पैसा येई तो ट्रामगाड्यांचे परवाने व कंत्राटे ज्यांना हवी असत त्यांच्याकडून. एकोणिसाव्या वॉर्डाचे नगरसेवक जॉन पॉवर्स हे या रीतीचे धुरीण. त्याच वॉर्डात १८८९ साली हल-हाऊस ही समाजसेवी संस्था स्थापन करणाऱ्या जेन अ‍ॅडम्स यांनी कचऱ्याच्या कंत्राटाला कंटाळून स्वतःच निविदा भरली. ती फेटाळली गेली, पण १८९५ साली महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक नेमले. पहाटे उठून त्या गाड्यांच्या मागे फिरत, आणि एका अरुंद गल्लीतला कचरा उपसविला तेव्हा अठरा इंच खाली फरसबंदी सापडली. पॉवर्स तरीही पुन्हा निवडून आले. आणि अ‍ॅडम्सबाईंचे मोठेपण असे की त्यांनी मतदारांना दूषणे न देता, गरजेच्या वेळी शेजारधर्म पाळणाऱ्याला गरीब माणूस मत देतो, हे १८९८ साली स्पष्ट लिहिले.

शतकाच्या अखेरीस शिकागोने पुन्हा एक अचाट सामाईक काम केले. १८८९ च्या कायद्याने स्थापलेल्या स्वतंत्र स्वच्छता-मंडळाने २८ मैलांचा कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरविला. आणि मिसूरी राज्य न्यायालयाकडून मनाई आणील या धास्तीने २ जानेवारी १९०० रोजी सकाळी गाजावाजा न करता पाणी सोडून दिले. सरोवर वाचले, घाण मिसिसिपीच्या दिशेने सेंट लुईसकडे वळली. मिसूरीने दावा लावला आणि १९०६ साली सर्वोच्च न्यायालयात तो पुराव्याअभावी हरला. ज्या शहराने सामाईक संकटापुढे स्वतःचे रस्ते उंचावले, त्याने आपल्या हद्दीबाहेरच्या माणसाला त्या सामाईकात धरले नाही. शहरांचा कारभार जोखताना त्यांच्या इमारतींची उंची किंवा खजिन्याची पुंजी मोजणे सोपे असते. खरे माप हे की सार्वजनिक खर्चाच्या यादीत कोणाची गल्ली येते आणि कोणाची सुटते. शिकागोने जेथे हे माप पाळले तेथे त्याची कामगिरी अद्वितीय ठरली, आणि जेथे मोडले तेथे पॉवर्ससारख्यांचे राज्य आले.